खण, ब्रास आणि डोक्यावरची माती



घरात छोटासा बदल करायचा म्हटला, म्हणजे मधली भिंत काढायची, न्हाणीघर आत घ्यायचं किंवा मागे एक खोली वाढवायची, की पहिला प्रश्न ठरलेला: खर्च किती येईल? गवंडी भिंतीवर दोन टिचक्या मारतो, मान हलवतो आणि एक आकडा सांगतो. काम संपेपर्यंत तो आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो. आज मला या आकड्याबद्दल बोलायचं आहे. लोक घराच्या छोट्या कामाचा हिशेब कसा करत आले, त्यात काय मोजलं आणि काय मोजायचं राहिलं, हा आजचा विषय. जे राहिलं ते एकदा फार महागात पडलं, आणि तेही महाराष्ट्रातच.

अंदाज चुकण्याची तक्रार किती जुनी आहे? व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधकामावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागाच्या सुरुवातीला तो इफिसस शहराचा एक जुना कायदा सांगतो. हे शहर आजच्या तुर्कस्तानात येतं. सार्वजनिक इमारतीचं काम घेणाऱ्याने खर्च आधी जाहीर करायचा आणि तोवर त्याची मालमत्ता सरकारकडे तारण राहायची. खर्च अंदाजाच्या चौथ्या हिश्शापर्यंत वाढला, तर वरचे पैसे खजिन्यातून मिळत. त्यापुढे गेला, तर वसुली त्याच्या मालमत्तेतून. रोममध्ये असा कायदा असता, आणि तोही खासगी घरांना लागू असता, तर किती बरं झालं असतं, असं व्हिट्रुव्हियस लिहितो. ज्यांच्या घरी सध्या काम चालू आहे, त्यांना हा माणूस लगेच आपला वाटेल.

आपल्याकडे हिशेबाची रीत वेगळी होती. गावाकडच्या जुन्या माणसाने घर कधी चौरस फुटांत सांगितलं नाही. घर किती खणांचं, हे तो सांगायचा. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. ते लाकडाच्या ताकदीवर ठरे, म्हणून सगळीकडे सारखं नव्हतं. साधारण पाच फूट धरा. ‘मागे दोन खण वाढवायचे’ असं सांगितलं की सुताराला खांब किती, तुळया किती आणि वर किलच किती, हे सगळं कळायचं. आराखडा आणि अंदाजपत्रक एकाच शब्दात. भावाभावांत वाटण्या झाल्या तरी त्या खणांनीच होत. या मापाची मला आवडणारी गोष्ट अशी, की त्यात भार कोण उचलतो हे आपोआप धरलेलं असे. खण मोजायचा म्हणजे तुळई मोजायची.

इंग्रजी अमदानीत, १८५४-५५ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं आणि हिशेबाची दुसरी भाषा आली. खोदाई, दगडकाम, गिलावा, प्रत्येक काम वेगळं मोजायचं आणि दरपत्रकातल्या दराने गुणायचं. वाळू, खडी, माती ब्रासने मोजायची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शेवटी अकल्पित खर्चासाठी तीन ते पाच टक्के धरायचे. नव्या इमारतीसाठी ही पद्धत उत्तम आहे, तिच्यावरच देश बांधला गेला. पण जुन्या घरात हात घालताना तिची अडचण होते. दरपत्रकात नव्या वस्तूला दर आहे, मात्र आधीपासून उभ्या असलेल्या भिंतीच्या पोटात काय आहे याला रकाना नाही.

आता माळवदाकडे येऊ. बिदर, कलबुर्गी, सोलापूर, लातूर या बाजूच्या श्रोत्यांना माळवद सांगायला नको. बडोदा-इंदूरच्या मंडळींसाठी सांगतो. तुळयांवर किलच किंवा फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर, असं ते सपाट छप्पर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, वर वाळवणं घालता येतात, रात्री झोपता येतं. पावसाने थोडी माती वाहून जाते आणि कुठेतरी गळायला लागतं. मग पावसाळ्याच्या आधी वर नवी माती टाकायची. ही घराची सगळ्यात छोटी दुरुस्ती. माती गावातलीच, फुकट. अंग घरच्या माणसांचं. पैसा हलला नाही, म्हणून वहीत नोंद नाही.

पण वजन पडत होतं. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे बरोबर एक ब्रास, आणि एक ब्रास माती भरते साधारण साडेचार टन. दरवर्षी अर्धा इंच जरी शिल्लक राहिला, तरी चोवीस वर्षांत हा एक फूट चढतो. आजोबांच्या वेळच्या तुळयांवर नातवाच्या वेळेला किती ओझं आहे, हे कुणी विचारत नव्हतं, कारण कुठल्याच वर्षी कुणी मोठं काम केलेलं नव्हतं.

हलकं छप्पर घालता आलं नसतं का? मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला आणि ती कौलं किनाऱ्यावर सगळीकडे गेली. पण त्यांना उतरतं छप्पर लागतं, लाकूड लागतं आणि रोख पैसा लागतो. सिमेंटचं तर विचारूच नका. ते कंट्रोलमध्ये होतं, चार पोत्यांसाठी परमिट लागे. सिमेंटवाटपाच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी राजीनामा दिला होता, इतकी ती वस्तू दुर्मिळ आणि मोलाची होती. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठलं, पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर निवड सोपी होती: एकीकडे परमिट आणि रोकड, दुसरीकडे फुकटची माती.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून घरात झोपलेली. पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. हा भाग त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर अभियंत्यांनी घरं तपासली तेव्हा माळवदांवर एक फुटापासून अडीच फुटांपर्यंत माती सापडली. भिंती दोन फुटांपासून सहा फुटांपर्यंत जाड, पण आतून पोकळ म्हणाव्यात अशा: आतला एक थर, बाहेरचा एक थर, मध्ये चिखल आणि दगडांचा चुरा. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच थर सुटे झाले. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा आपला समज तिथे खोटा ठरला.

यात मी त्या घरमालकांना बोल लावणार नाही. प्रत्येक पिढीने त्या त्या वर्षीचं काम नीट आणि काटकसरीने केलं होतं. चूक हिशेबाच्या रीतीत होती. पैसा खर्च झाला तरच ते काम, ही ती रीत, आणि शहरातल्या फ्लॅटमध्येही ती तशीच चालू आहे. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवतात, फोडायची मजुरी वाचते म्हणून. दोन इंच मसाला आणि फरशी मिळून एका चौरस मीटरला शंभर किलोपर्यंत भर पडते. अंदाजपत्रकात ती बचत म्हणून दिसते.

भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, त्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरं काम: कमी नुकसान झालेल्या शेकडो गावांत लोकांनी आपलीच घरं दुरुस्त आणि बळकट केली. सरकारी मदत हप्त्याहप्त्याने येई आणि काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचं असे. गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं होतं. मदत कशी मिळते, काम कसं व्हायला हवं, हे त्या घरोघरी समजावत आणि कामावर लक्ष ठेवत.

ते काम किती छोटं होतं ते पाहा. भिंतीत उंचीला दर दोन फुटांवर आणि आडवं दर चार फुटांवर एक आरपार बंध हवा, असं मानक सांगतं. जुन्या भिंतीत तो नंतरही घालता येतो: अलगद एक-दोन दगड काढायचे, आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना वळवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. पोतं-दोन पोती सिमेंट, थोड्या सळया, एक सावध गवंडी. आणि त्याच्याही आधी करायचं काम म्हणजे माळवदावरची जादा माती खाली उतरवणं. त्याला सिमेंट लागत नाही, सळई लागत नाही. लागतात फावडी, घमेली आणि काही दिवसांची मजुरी.