ऑक्झेंडन : एका दुर्मिळ इंग्रज आडनांवाचें मूळ

देवळाली कॅम्प येथील लष्करी वस्तीविषयीं कांहीं टिपणें करीत असतां एक लहानशी गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या वाचनांत आली. हिंदुस्थानचा सरसेनापति लॉर्ड किचनेर यानें स्थापिलेलें स्टाफ कॉलेज सन १९०५ मध्यें प्रथम या देवळालीसच भरलें व १९०७ मध्यें तें क्वेट्ट्यास गेलें. याच किचनेरनें स्वदेशीं परतल्यावर १९११ सालीं इंग्लंडच्या केंट प्रांतांतील ब्रूम पार्क नांवाचा वाडा विकत घेतला. तो वाडा ज्या घराण्याकडून घेतला त्याचें नांव ऑक्झेंडन. हें नांव वाचतांच लेखक थबकला. कारण मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास तें रायगडच्या दरबारांतून परिचित आहे. इंग्लंडांतही हें आडनांव क्वचितच आढळतें. तेव्हां रायगडचे ऑक्झेंडन व ब्रूमचे ऑक्झेंडन हे एकच काय, आणि या नांवाचें मूळ कोठें, याचा विचार करणें अगत्याचें वाटलें.

आपल्या इतिहासांत या नांवाचे दोन पुरुष ठळकपणें येतात. पहिला सर जॉर्ज ऑक्झेंडन. शिवाजीमहाराजांनीं जानेवारी १६६४ मध्यें सुरत लुटली तेव्हां हा तेथील इंग्रज वखारीचा अध्यक्ष होता. त्यानें वखारीचा बचाव केल्याबद्दल कंपनीनें त्यास सुवर्णपदक दिलें. तो १४ जुलै १६६९ रोजीं सुरतेसच वारला. तेथील इंग्रजांच्या दफनभूमींत त्याची व त्याच्या आधीं, १६५९ मध्यें, वारलेल्या क्रिस्तोफर या भावाची भव्य घुमटी आहे. दुसरा हेन्री ऑक्झेंडन. मुंबईचा गव्हर्नर जेरल्ड आंजियर यानें यास वकील म्हणून रायगडास पाठविलें. राज्याभिषेकाच्या दिवशीं यानें दुरून मुजरा केला व दुभाषी नारायण शेणवी यानें नजरेची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखविली. सिंहासनाच्या बाजूंस भाल्यांवर टांगलेलीं मोठ्या दांतांच्या माशांचीं मस्तकें, घोड्यांचीं पुच्छें व सोन्याचा तराजू यांचें वर्णन आपणांस याच्याच वृत्तांतावरून मिळतें. त्यानें दिलेली ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या जुन्या पंचांगाची आहे. नव्या गणनेनें तींत दहा दिवस मिळवावे लागतात. आपल्या गणनेनें तो दिवस शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हा होय.

आतां मुळाकडे वळूं. येथें लेखकास स्वतःची एक चूक कबूल करणें भाग आहे. शाळेंत इतिहास शिकवितांना विद्यार्थ्यांनीं या विचित्र नांवाचा अर्थ विचारला असतां लेखकानें नकाशा उघडला. नॉर्दॅम्प्टन प्रांतांत ग्रेट ऑक्सेंडन नांवाचें खेडें दिसलें, आणि ‘हाच त्याचा गांव’ असें लेखकानें सांगून टाकलें. पुढें कित्येक वर्षें हेंच सांगितलें गेलें. तें चूक होतें. नांव जुळलें म्हणून मूळ सांपडलें, हा तो नेहमींचा मोह.

शब्दाचा पूर्वार्ध दोन्हीं ठिकाणीं एकच आहे. इंग्रजी ‘ऑक्स’ म्हणजे बैल. हा शब्द आणि आपला वैदिक ‘उक्षन्’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत, हें भाषाशास्त्रज्ञांस मान्य आहे. इंग्रजी अनेकवचनांतील अंत्य नकार ‘उक्षाणः’ यांतील नकाराचाच सोयरा आहे. भेद आहे तो उत्तरार्धांत. नॉर्दॅम्प्टनकडील नांवांतला शेवटचा अवयव मूळचा ‘डून’, म्हणजे टेकडी. केंटमधील ‘डेन’ म्हणजे दरी किंवा रानांतील चराईची जागा. एक बैलांची टेकडी, दुसरें बैलांचें रान. उच्चारांत दोन्हीं इतकीं जवळ येतात कीं केवळ कानावर विसंबणारा फसलाच पाहिजे.

मग निर्णय कशानें करावा? जमीन, मुद्रा व थडगीं यांनीं. केंट प्रांतांत नॉनिंग्टन नांवाच्या गांवच्या हद्दींत ऑक्झेंडन नांवाची जागा आहे. याच प्रांतांतील कँटरबरीच्या मठाचा रिचर्ड ऑक्झेंडन हा सन १३३१ ते १३३८ पर्यंत प्रमुख होता. घराण्याच्या ढालीवर रुपेरी भूमीवर तांबडी कमान व तिच्याभोंवतीं तीन काळे बैल आहेत. या चिन्हास राजाच्या मुद्राधिकाऱ्यानें सहाव्या हेन्रीच्या २४ व्या राज्यवर्षीं, म्हणजे सन १४४५-४६ मध्यें, मान्यता दिली. नांवाचा अर्थ त्या घराण्यास तेव्हांही विसरलेला नव्हता, हें या बैलांवरूनच दिसतें. विंगहॅम येथील देवळांत १६८२ सालीं उभारलेलें या घराण्याचें स्मारक आहे. त्याच्या चारी कोपऱ्यांवरही बैलांचीं मस्तकेंच कोरलेलीं आहेत. सुरतेस वारलेला सर जॉर्ज याच विंगहॅमजवळच्या डीन येथील सर जेम्स ऑक्झेंडनचा पुत्र. त्याचा वडील बंधु हेन्री यास ८ मे १६७८ रोजीं बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. ब्रूमचा वाडा पुढें डिक्सवेल घराण्याच्या वारशानें याच शाखेकडे आला, आणि तोच किचनेरनें घेतला. तेव्हां रायगड व ब्रूम यांचे धागे केंटमध्येंच मिळतात. १९२४ मध्यें दहाव्या बॅरोनेटाबरोबर ही पदवी संपुष्टांत आली.

येथें दुसरा एक खड्डा आहे. पदवी मिळविणारा हेन्री निराळा व रायगडचा हेन्री निराळा. शिवाय बारहॅम येथील शाखेंत आणखी एक हेन्री होता. तो कवि असून १६७० मध्यें, म्हणजे राज्याभिषेकाच्या चार वर्षें आधींच, वारला. त्याचा पत्रसंग्रह १९३३ व १९३७ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध झाला आहे. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे, म्हणून वंशावळींत दोन बाजी किंवा तीन माधवराव पाहून आपण सावध होतों. इंग्रजांच्या वंशावळी वाचतांनाही तीच सावधगिरी हवी.

आडनांव दुर्मिळ कां राहिलें, याचें उत्तर आपल्याच व्यवहारांत आहे. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांत गांवावरून माणसास मिळणाऱ्या नांवांचा विचार करितांना ‘निवास’ व ‘अभिजन’ असे दोन भेद केले आहेत. माणूस आज राहतो तो निवास. पूर्वज राहत तो अभिजन. आपलीं ‘कर’ प्रत्ययान्त आडनांवें बहुधा अभिजन सांगतात. ऑक्झेंडन हें तशाच जातीचें नांव. सुताराचा किंवा लोहाराचा धंदा गांवोगांव असल्यामुळें त्यांवरून पडलेलीं इंग्रज आडनांवें शेंकडों घराण्यांत स्वतंत्रपणें उगवलीं. एका लहानशा चराईच्या जागेवरून निघालेलें नांव मात्र एकाच कुळाजवळ राहिलें. त्या कुळाच्या शाखा खुंटल्या कीं नांवही खुंटलें.

याच्या उलट बाजू आमच्या देवळालीनेंच दाखविली आहे. इंदूरच्या चित्रकलाशाळेंत बेंद्रे व हुसेन यांस शिकविणारे द. दा. देवळालीकर यांचें आडनांव ऐकून नाशिककर हर्षभरित होतो. परंतु देवळाली एक नाहीं. राहुरी तालुक्यांतील देवळाली प्रवरा दुसरी आहे. आणि नाशिकजवळही देवळाली गांव व देवळाली कॅम्प हीं दोन स्थळें वेगळीं आहेत. तेव्हां देवळालीकर या नांवावरून कोणत्याही घराण्याचा अभिजन ठरवितां येत नाहीं. त्यास वतनाचा कागद, कुलदैवत किंवा क्षेत्रोपाध्यायाच्या वहींतील लेख पाहिजे. लेखकाची नकाशावरची चूक या प्रकारचीच होती.

राहतां राहिला लेखनाचा प्रश्न. मराठी ग्रंथांत हें नांव ऑक्झेंडन, ऑक्झिंडन, ऑक्सिंडेन अशा रूपांनीं छापलेलें आढळतें, आणि एकाचें रूप दुसरा अशुद्ध म्हणतो. वस्तुतः त्या घराण्याच्या कागदांतच मधला स्वर कोठें ‘ए’ तर कोठें ‘इ’ असा आहे; बारहॅमच्या कवीचीं पत्रें ‘इ’ स्वरानेंच प्रसिद्ध झालीं आहेत. तेव्हां कोणतेंही एक रूप शुद्ध मानून बाकीचीं खोडूं नयेत. आपल्या जुन्या कागदांत एल्फिन्स्टन याचा ‘अल्पिष्टन’ झाला, आणि इंग्रज शिपायांनीं आमच्या देवळालीचें ‘डूलॅली’ केलें. स्वदेशीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथें महिनेच्या महिने खितपत पडलेले शिपाई भ्रमिष्ट होत, म्हणून त्या नांवास ‘तप’, म्हणजे ताप, जोडून त्यांनीं वेडासाठीं एक नवा शब्दच आपल्या भाषेंत नेला. अशीं रूपें लेखकाचा कान व काळ सांगतात. तीं सुधारलीं तर तो पुरावाच नाहींसा होतो.

म्हणून ज्या संग्राहकांजवळ मोडी कागदांत टोपीकरांचीं नांवें आलीं असतील, त्यांनीं तीं छापतांना मूळ अक्षरें जशींच्या तशीं द्यावीं व आपला तर्क खालीं वेगळा लिहावा, एवढी विनंति आहे. आणि लेखकाच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या पाहण्यांत हा लेख आला, तर त्यांनीं आपल्या वहींत नॉर्दॅम्प्टन खोडून केंट लिहावें.