एका नाण्याचा द्राक्षारस

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात एका मद्यशाळेच्या भिंतीवर भाव लिहिलेला सापडला: एका नाण्याला साधा द्राक्षारस, दोन नाण्यांना त्याहून चांगला, चार नाण्यांना उंची फालेर्नियन. ज्याचा जसा खिसा, तसा त्याचा प्याला.

त्याच शतकात करिंथच्या मंडळीतही हा भेद शिरला. प्रभुभोजनाला कोणी भुकेला राही, तर कोणी पिऊन मस्त होई. संत पौलाने त्यांना कडक शब्दांत सुनावले.

आपल्या प्रभूने क्रुसावर शिपायांची स्वस्त आंब घेतली. तरीही मिस्सेला जाताना आपण शेजाऱ्याचे कपडे पाहतो. वेदीवरचा प्याला मात्र सर्वांसाठी एकच आहे. त्यावर भाव लिहिलेला नाही. त्याची किंमत प्रभूने आधीच चुकती केली आहे.