विद्यार्थी की कामगार? : यांत्रिक व विद्युत व्यवसायांतील शिकाऊ उमेदवारीचा कायदेशीर प्रवास (१८५०–२०१४)

प्रस्तावना
कारखान्यात जोडारी, कातारी अथवा वीजतंत्री होण्यासाठी येणाऱ्या तरुणाची उमेदवारी करारपत्रावरील सहीने सुरू होते. तो कारखान्यात शिकतो आणि उत्पादनालाही हातभार लावतो. मग त्याला विद्यार्थी मानावे की कामगार? या प्रश्नाला कायद्याने दिलेल्या उत्तरांचा येथे आढावा घेतला आहे.

१८५० चा अधिनियम
कंपनी सरकारच्या १८५० च्या अधिनियमाचा रोख प्रामुख्याने अनाथ व निर्धन मुलांकडे होता. दहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलास त्याचा पिता अथवा पालक कमाल सात वर्षांसाठी मालकाशी करारबद्ध करू शकत असे. अनाथ व निर्धन मुलांच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यासही तो अधिकार होता. मुलाला उपजीविकेचे साधन मिळावे, हा त्यामागील हेतू. उद्योगाला कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा विचार त्यात नव्हता.

मुंबईतील बदलती गरज
कापड गिरण्या व रेल्वेच्या कार्यशाळांमुळे ही गरज पुढे आली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. १९१५ मध्ये खोपोलीची जलविद्युत मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि १९२५ मध्ये मुंबई व्ही.टी. ते कुर्ला विजेची रेल्वे धावली. वाफेच्या यंत्रासोबत विद्युत मोटार आल्याने केवळ पाहून शिकणे अपुरे ठरू लागले. कामाला तत्त्वज्ञानाची, म्हणजे यंत्रामागील शास्त्राची, जोड आवश्यक झाली.

१९६१ चा अधिनियम
स्वातंत्र्योत्तर काळात शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ ने प्रात्यक्षिक प्रशिक्षणास संबंधित सैद्धांतिक शिक्षणाची जोड दिली व कराराची नोंदणी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे करणे बंधनकारक केले. कलम १८ नुसार उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे त्यास वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते. ते नगावर देता येत नाही, तसेच त्याला उत्पादन-बोनस योजनेत सहभागी करून घेता येत नाही. या तरतुदींमागे शिकणाऱ्यावर उत्पादनाचा भार पडू नये, ही दृष्टी दिसते. मात्र आरोग्य, सुरक्षितता व अपघाताची नुकसानभरपाई या बाबतींत हाच अधिनियम त्यास कामगाराप्रमाणे लेखतो. यंत्र हात चिरडताना विद्यार्थी व कामगार असा भेद करीत नाही, हे वास्तव कायद्यालाही मान्य करावे लागले.

खरी उणीव प्रशिक्षणाच्या अखेरीस जाणवते. कलम २२ नुसार उमेदवारास नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधर व पदविकाधारकही या कक्षेत आले. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्येक मालकाने अशा उमेदवारांच्या भरतीचे स्वतःचे धोरण आखावे, असे ठरविले. परंतु नोकरीची हमी दिली नाही.

निष्कर्ष
१८५० चा कायदा मुलाच्या उपजीविकेचा विचार करीत होता, तर १९६१ चा कायदा त्याच्या कौशल्याचा. पहिल्यात शास्त्रशुद्ध शिक्षण नव्हते, दुसऱ्यात उपजीविकेची शाश्वती नाही. ‘प्रशिक्षणार्थी’ ही संज्ञा उमेदवाराचे संरक्षण करते, त्याचबरोबर मालकाचे दायित्वही मर्यादित करते. म्हणून उमेदवारीचे मूल्यमापन भरलेल्या जागांच्या संख्येवरून न करता, प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना पुढे कोणते काम मिळाले यावरून होणे इष्ट ठरेल.