ठिगळाचा इतिहास

चांडाळाने मृतांची वस्त्रे नेसावीत, असे फर्मान मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा 'हक्क' ठरला. ते घरी आल्यावर आमच्या बायांनी त्याचे काय केले, हे मी शिकवतो त्या इतिहासाच्या पुस्तकांत नाही. मी घरातला पहिला पदवीधर. हा इतिहास मला निरक्षर आजीकडून कळला.

ती ते कापड धुऊन, उकळून घेई. वर-खाली जुने लुगडे, आत चिंध्या, आणि धावदोरा. गोधडी विरली की तिच्यावरच नवा थर चढे. उरल्या तुकड्यांची तान्ह्याला कुंची, दुपटे. मेलेल्याचे म्हणून दिलेले कापड तिने जन्मणाऱ्याच्या अंगाखाली घातले.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ हवे. म्हणजे ठिगळाची लाज नको. लाज लादणारी व्यवस्था नको.

आज गोधडी 'लोककला' म्हणून शहरांत विकली जाते. कौतुक जरूर व्हावे. पण आतल्या चिंध्या कुठून आल्या, हे विचारल्याशिवाय केलेले कौतुक इतिहासावर पांघरूणच घालते.