रिस्क-फाइव्ह प्रोसेसरसाठी लिनक्स कर्नेलची जुळणी

संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो भाग प्रोसेसर, स्मृती आणि जोडलेली उपकरणे यांच्याशी थेट व्यवहार करतो, त्यास कर्नेल असे म्हणतात. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ फळाच्या बियांतील गर असा असून लष्करातील कर्नल या हुद्द्याशी त्याचा काहीही संबंध नाही. वापरकर्त्याला पडद्यावर जे दिसते ते कर्नेल नव्हे. परंतु कर्नेल सुरूच झाला नाही तर पडद्यावर काहीही दिसत नाही.

लिनस टोर्वाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत असताना १९९१ साली लिनक्स कर्नेल लिहिण्यास प्रारंभ केला, तेव्हा तो इंटेलच्या ८०३८६ या एकाच प्रोसेसरसाठी होता. हे काम अन्य यंत्रांवर नेण्याजोगे नाही, असे त्यांनी त्या वेळी नमूद केले होते. पुढे घडले ते याच्या अगदी उलट. आज लिनक्सच्या मूळ संहितेत सुमारे वीस प्रोसेसर-रचनांना स्वतंत्र स्थान आहे. संहिता सर्वांसाठी एकच असते; मात्र तिच्यातून प्रत्यक्ष यंत्रावर चालणारा कर्नेल तयार करण्यापूर्वी त्यात काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे हे ठरवावे लागते. या निवडीस कॉन्फिगरेशन, म्हणजेच जुळणी, असे म्हटले जाते.

घरगुती संगणक वापरणाऱ्यावर ही जुळणी करण्याची वेळ सहसा येत नाही, कारण लिनक्स वितरित करणाऱ्या संस्थांनी ती आधीच केलेली असते. रिस्क-फाइव्ह या नव्या प्रोसेसर-रचनेच्या बाबतीत मात्र हा विषय टाळता येत नाही. भारतात विकसित होत असलेले अनेक प्रोसेसर याच रचनेचे असल्याने त्याचे महत्त्व अधिक आहे.

अक्षरांनी बनलेला आज्ञासंच

रिस्क-फाइव्हचा प्रारंभ २०१० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संकुलात झाला. हा एखाद्या कंपनीचा प्रोसेसर नसून प्रोसेसरने कोणत्या आज्ञा समजून घ्याव्यात याचे खुले प्रमाण आहे. ते वापरण्यासाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही. हे प्रमाण सांभाळणारी संस्था २०२० साली स्वित्झर्लंडमध्ये नोंदविण्यात आली.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, तिचा मूळ आज्ञासंच अत्यंत लहान असून बाकी सर्व ऐच्छिक विस्तार आहेत. ‘आय’ हे अक्षर पूर्णांकांच्या मूळ आज्ञांचे. ‘एम’ म्हणजे गुणाकार व भागाकार, ‘ए’ म्हणजे एकाहून अधिक कोअर एकाच वेळी स्मृतीवर काम करीत असताना लागणाऱ्या अखंड क्रिया, ‘एफ’ आणि ‘डी’ म्हणजे दशांश अपूर्णांकांची गणिते, ‘सी’ म्हणजे ३२ ऐवजी १६ बिटांत बसविलेल्या संक्षिप्त आज्ञा, तर ‘व्ही’ म्हणजे एकाच आज्ञेने अनेक संख्यांवर क्रिया करण्याची सोय. चिप बनविणारा यांपैकी हवे तेवढे घेतो. त्यामुळे ‘रिस्क-फाइव्ह प्रोसेसर’ एवढ्या शब्दांवरून त्या चिपमध्ये नेमके काय आहे ते कळत नाही. कर्नेलची जुळणी अवघड होते ती येथेच.

भारतात मद्रास येथील आयआयटीने ‘शक्ती’ या नावाने या रचनेचे प्रोसेसर विकसित केले. त्यांपैकी इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्रावर तयार करून घेतलेल्या चिपवर २०१८ साली लिनक्स यशस्वीपणे सुरू झाले. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ ही मालिका तयार केली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने रिस्क-फाइव्हसाठी ‘डीआयआर-व्ही’ हा कार्यक्रम जाहीर केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकच्या ‘ध्रुव ६४’ या १ गिगाहर्ट्झ वेगाच्या, दोन कोअरच्या ६४ बिट प्रोसेसरची घोषणा झाली. चिप हाती आल्यानंतर तिच्यावर उपयुक्त काम होऊ लागेपर्यंतच्या वाटेवर कर्नेलची जुळणी हा टप्पा ओलांडावाच लागतो.

निवड कशी केली जाते

लिनक्सच्या मुख्य संहितेत रिस्क-फाइव्हचा समावेश ४.१५ या आवृत्तीत झाला. ही आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निवडीची यंत्रणा मात्र सर्व रचनांसाठी समान असून तिला ‘केकॉन्फिग’ असे नाव आहे. तिच्यात हजारो पर्याय आहेत. बहुतेक पर्यायांना तीनपैकी एक उत्तर देता येते: तो भाग कर्नेलमध्येच समाविष्ट करणे, गरज पडेल तेव्हा जोडता येईल असे स्वतंत्र मॉड्यूल म्हणून ठेवणे, किंवा पूर्णतः वगळणे. सर्व उत्तरे ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिली जातात आणि तिच्या आधारे कंपायलर कर्नेल तयार करतो.

लहान बोर्डांवर कर्नेल तयार करण्यास फार वेळ लागतो. म्हणून हे काम सामान्यतः इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या मोठ्या संगणकावर केले जाते. अशा वेळी दोन गोष्टी आज्ञेतच सांगाव्या लागतात: लक्ष्य कोणती रचना आहे, आणि त्या रचनेसाठीचा कंपायलर कोणता. यातील पहिली गोष्ट एकदाच सांगून भागत नाही. प्रारंभीची जुळणी करताना ‘रिस्क-व्ही’ असे सांगितले, परंतु पुढे पर्यायांची यादी उघडताना ते सांगण्याचे राहून गेले, तर यंत्रणा ज्या संगणकावर बसून काम चालले आहे त्याचीच, म्हणजे इंटेलची, यादी पुढे ठेवते आणि बाहेर पडताना आधीची फाइल त्यानुसार बदलून टाकते. कोठेही दोष दाखविला जात नाही. ही चूक इतकी सर्रास होते की, अनुभवी अभियंते ती दोन्ही मूल्ये सत्राच्या आरंभीच निश्चित करून ठेवतात.

हजारो प्रश्नांची उत्तरे कोणी प्रथमपासून देत नाही. प्रत्येक रचनेसाठी संहितेबरोबरच ‘डेफकॉन्फिग’ ही तयार जुळणी दिलेली असते. रिस्क-फाइव्हच्या डेफकॉन्फिगमध्ये अनेक उत्पादकांच्या चिपचा आधार एकत्रित समाविष्ट आहे. तेथून प्रारंभ करून आपल्या बोर्डाला आवश्यक तेवढे बदल करणे हाच योग्य मार्ग होय. अनावश्यक भाग वगळण्याचा मोह पहिल्याच दिवशी टाळलेला बरा. यंत्र एकदा चालू झाल्यावर काटछाट करण्यास भरपूर अवसर मिळतो.

काही निवडी परत घेता येत नाहीत

‘सी’ विस्ताराचा पर्याय लिनक्समध्ये आपोआप निवडलेला असतो. संक्षिप्त आज्ञांमुळे संहितेचा आकार साधारण २५ ते ३० टक्क्यांनी घटतो, त्यामुळे हे सयुक्तिकच आहे. परंतु हा पर्याय निवडला की कंपायलर संपूर्ण कर्नेलमध्ये १६ बिटांच्या आज्ञा पेरतो. चिपमध्ये ‘सी’ विस्तार नसेल तर अशी पहिलीच आज्ञा तिला निरर्थक वाटते आणि कर्नेल एक अक्षरही न छापता तेथेच थांबतो.

दशांश गणिताचे तसे नाही. तो पर्याय निवडलेला असूनही चिपमध्ये ती सोय नसेल, तर कर्नेल सुरू होताना हे ओळखतो आणि पुढे जातो. उलट चिपमध्ये सोय असून पर्याय वगळला, तर कर्नेल व्यवस्थित चालतो, मात्र दशांश गणित करणारी सामान्य आज्ञावली अवैध आज्ञा दिल्याच्या कारणाने बंद पडते. दोष कर्नेलच्या जुळणीत आणि ठपका आज्ञावलीवर, असा हा प्रकार आहे.

अलीकडे शक्य तेवढे निर्णय जुळणीच्या वेळेकडून यंत्र सुरू होण्याच्या वेळेकडे नेण्याचा कल दिसतो. पूर्वी ६४ बिट रिस्क-फाइव्हवर ३९ बिटांचे आभासी पत्ते गृहीत धरले जात; २०२२ पासून ३९, ४८ की ५७ बिट वापरावयाचे हे कर्नेल स्वतः प्रोसेसरची क्षमता पाहून ठरवतो. तथापि कर्नेल ज्या आज्ञांनी लिहिला जातो, त्या आज्ञांबाबत अशी सोय करता येत नाही. विचारण्यासाठीदेखील आधी चालावे लागते.

स्मृती व्यवस्थापन एकक, म्हणजे एमएमयू, हा असाच दुसरा मूलभूत प्रश्न आहे. प्रत्येक आज्ञावलीला स्वतःचे संरक्षित स्मृतिक्षेत्र देण्याचे काम या एककाद्वारे होते. ते नसलेल्या रिस्क-फाइव्ह चिपसाठीही २०२० पासून लिनक्सची जुळणी करता येते. केंड्राइट के२१० ही ८ मेगाबाइट अंतर्गत स्मृतीची चिप त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून तिच्यासाठी संहितेत वेगळी तयार जुळणी आहे. मात्र याला मर्यादा आहे. सी-डॅकच्या ‘तेजस ३२’ या नियंत्रक चिपमध्ये २५६ किलोबाइट स्मृती आहे. तीत लिनक्स मावणार नाही, आणि त्या चिपचे प्रयोजनही ते नाही. संवेदक, मोटारी आणि लहान उपकरणे यांच्या नियंत्रणासाठी थेट आज्ञावली किंवा लघु कार्यप्रणालीच तेथे उचित ठरते.

मूक यंत्र

नव्या बोर्डावर कर्नेल प्रथम चढविताना सर्वाधिक वेळ जातो तो यंत्र गप्प असण्याचे कारण शोधण्यात. त्यासाठी यंत्र सुरू होण्याचा क्रम माहीत असणे आवश्यक आहे.

रिस्क-फाइव्हमध्ये अधिकारांचे तीन मुख्य स्तर आहेत. सर्वोच्च अशा ‘मशीन’ स्तरावर ओपनएसबीआयसारखी लहान आज्ञावली असते, मधल्या ‘सुपरव्हायझर’ स्तरावर कर्नेल आणि सर्वांत खाली वापरकर्त्याच्या आज्ञावली. घड्याळाची सूचना लावणे किंवा दुसऱ्या कोअरला जागे करणे यांसारख्या कामांसाठी कर्नेल वरच्या स्तराला विनंती करतो. नियंत्रण कर्नेलकडे सोपविताना त्याला दोनच गोष्टी सांगितल्या जातात: तो कोणत्या कोअरवर चालत आहे, आणि ‘डिव्हाइस ट्री’ स्मृतीत कोठे ठेवले आहे. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावरील उपकरणांची पत्त्यांसहित यादी. शिवाय ६४ बिट यंत्रात कर्नेल २ मेगाबाइटच्या पटीतील पत्त्यावरच ठेवलेला असावा लागतो.

डिव्हाइस ट्री आणि जुळणी यांचा मेळ बसला नाही तर उपकरण असूनही नसल्यासारखे होते. यादीत क्रमिक संदेशवाहिनीचा, म्हणजे सीरियल पोर्टचा, उल्लेख आहे, परंतु तिचा ड्रायव्हर जुळणीत नाही, अशा स्थितीत कर्नेल कदाचित पूर्णपणे सुरू झालेलाही असतो. केवळ त्याचे बोलणे बाहेर ऐकू येत नाही. सायफाइव्हच्या चिपमध्ये त्या कंपनीची स्वतःची सीरियल रचना आहे, तर स्टारफाइव्हच्या जेएच-७११० मध्ये जुन्या ८२५० कुळातील. एकीसाठी केलेली काटछाट दुसरीवर मौन निर्माण करते. यावर उपाय म्हणजे ओपनएसबीआयच्या मार्फत आरंभीचे संदेश छापणारा पर्याय जुळणीत ठेवणे आणि कर्नेलला ‘अर्लीकॉन’ ही सूचना देणे. बोर्डाचा ड्रायव्हर सज्ज होण्यापूर्वीचे संदेश त्यामुळे दिसू लागतात. नवख्या बोर्डावर काम करणाऱ्याने हा एक पर्याय कधीही वगळू नये.

पुढचा अडथळा मूळ फाइल-प्रणालीचा. ज्या कार्डावर ती आहे त्याचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला आणि ते मॉड्यूल त्याच कार्डावर राहिले, तर किल्ली कुलपाच्या आत राहिल्यासारखे होते. कर्नेल मूळ फाइल-प्रणाली सापडत नसल्याचे सांगून थांबतो. हा ड्रायव्हर कर्नेलमध्येच समाविष्ट करावा, अथवा प्रारंभिक स्मृती-चकती सोबत द्यावी. प्रत्यक्ष बोर्डाआधी क्यूईएमयू या अनुकरण-आज्ञावलीत कर्नेल चालवून पाहिल्यास बरेच दोष टेबलावरच लक्षात येतात, मात्र विशिष्ट बोर्डाच्या ड्रायव्हरची परीक्षा तेथे होत नाही.

सुरक्षेचा प्रश्न

जुळणीचा संबंध केवळ यंत्र चालण्याशी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीतील सिस्पा या संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी टी-हेड कंपनीच्या शुआनटाय सी९१० आणि सी९२० या प्रोसेसरमधील ‘घोस्टराइट’ नावाचा दोष उघड केला. व्हेक्टर विस्तारातील काही सदोष आज्ञा आभासी पत्त्यांचे संरक्षण ओलांडून थेट भौतिक स्मृतीत लिहीत होत्या. अर्थात कोणताही विशेष अधिकार नसलेली आज्ञावली संपूर्ण यंत्र ताब्यात घेऊ शकत होती. दोष चिपच्या घडणीतच असल्याने तो दुरुस्त करता येत नाही. व्हेक्टर विस्तार बंद ठेवणे एवढाच उपाय उरतो. या प्रोसेसरमधील व्हेक्टर आज्ञा प्रमाणित होण्यापूर्वीच्या मसुद्यानुसार असून त्यांचा आधार लिनक्समध्ये मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत आला, आणि त्याबरोबरच घोस्टराइटपासून बचावाचा स्वतंत्र पर्यायही जुळणीत दाखल झाला. तो वगळून वेग मिळविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. अनेक जण वापरीत असलेल्या यंत्रावर तसे करणे धोक्याचे आहे.

पर्याय वाढविण्याबाबत कर्नेलचे कर्तेही आता सावध आहेत. बाइटांचा क्रम उलटा असलेल्या रिस्क-फाइव्हचा आधार घेण्यास टोर्वाल्ड्स यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ठाम नकार दिला. प्रत्येक नवा पर्याय म्हणजे तपासावयाच्या नव्या जुळण्या, हे लक्षात घेता या नकारात तथ्य आहे.

विस्तारांची ही विखुरलेली स्थिती आवरण्यासाठी ‘आरव्हीए-२३’ हे किमान प्रमाण ऑक्टोबर २०२४ मध्ये संमत झाले. त्यात व्हेक्टर विस्तार अनिवार्य आहे. उबुंटू या वितरणाने ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० आवृत्तीपासून तेच प्रमाण आवश्यक केले. परिणामी त्यापूर्वी विकल्या गेलेल्या बहुतेक रिस्क-फाइव्ह बोर्डांवर ही आवृत्ती चालत नाही. अशा बोर्डांच्या धारकांना २४.०४ या दीर्घकालीन आवृत्तीवर थांबावे लागते, किंवा आपल्या चिपमधील अक्षरे पाहून कर्नेलची जुळणी स्वतः करावी लागते.