काचेच्या टाकीतली अक्कल

शोभेचे मासे पाळण्याची सर्वांत प्रदीर्घ परंपरा चीनची. सोंग राजवटीत (९६०–१२७९) सोनेरी-तांबड्या रंगाचे मासे तळ्यांत वेगळे राखून वाढवले जात. मिंग काळात ते तळ्यांतून भांड्यांत, म्हणजे अंगणात आणि घरात आले. झांग चियानदे याने १५९६ मध्ये या माशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पारख होई ती रंगाची, शेपटीची, डोळ्यांची. भांडे अपारदर्शक असल्यामुळे मासा वरूनच पाहायचा आणि दिसायची ती त्याची पाठ. तो शेजारच्या माशाशी कसा वागतो, खाणे घालणाऱ्याकडे कसा बघतो, हे त्यातून कळणे कठीण होते.

सतराव्या शतकात गोल्डफिश युरोपात पोहोचला आणि काचेच्या गोल भांड्यात जाऊन बसला. बाजूने दिसू लागला खरा, पण पाणी लवकर खराब होई आणि मासा मरे. चार दिवसांच्या पाहुण्याचा स्वभाव कुणाला कळणार? अडचण सुटली ती १८५० मध्ये. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिशबरोबर पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या, तर पाणी न बदलताही मासे जगतात, हे दाखवून दिले. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे टाक्याही स्वस्त झाल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय घरांत टाकीची साथच पसरली. पॅरिसच्या कार्बोनिए यांनी १८६९ पासून पौर्वात्य पॅराडाइज फिशची पैदास केली. नर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि अंडी राखतो, हे हौशी मंडळींना त्यामुळे काचेतून पाहायला मिळाले.

माशाला अक्कल असते का, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत पोहोचला विसाव्या शतकात, आणि तोही भांडणातून. म्युनिकचे नेत्रतज्ज्ञ कार्ल फोन हेस म्हणत, माशांना रंग दिसत नाहीत. तरुण कार्ल फोन फ्रिश यांनी माशांना ठरावीक रंगावर खाणे शोधायला शिकवून तो दावा खोडला. पुढे कर्णरोगतज्ज्ञ ओटो कर्नर यांनी मासे बहिरे असतात असे मांडले. यावर फ्रिश यांनी एक छोटा मार्जारमासा घेतला. त्याला काही दिसू नये म्हणून त्याचे डोळे काढले होते. आजच्या नजरेला हे क्रूरच वाटते. मासा टाकीतल्या मातीच्या नळीत पडून राही. फ्रिश रोज आधी शीळ घालत आणि मग खाणे देत. थोड्याच दिवसांत नुसती शीळ ऐकून मासा नळीबाहेर येऊ लागला. १९२३ मध्ये त्यांनी या प्रयोगावर निबंध छापला. शीळ घातली की येणारा मासा, असेच त्याचे शीर्षक होते. पाळीव कुत्र्याचे वर्णन करावे तसा हा मथळा शास्त्रीय निबंधाला शोभत नाही असे कुणाला वाटेल, पण मुद्दा त्यात नेमका आला आहे.

पुढच्या काळात दोन वेगळे निष्कर्ष निघाले. हॉलंडमधील लायडन येथे निको टिनबर्गन काटेरी पाठीचे स्टिकलबॅक मासे पाळत. विणीच्या दिवसांत या माशांच्या नराचे पोट लाल होते आणि दुसरा लाल नर दिसला की तो त्याच्यावर धावून जातो. खिडकीबाहेरून टपालखात्याची लाल गाडी गेली की टाक्यांतले नर त्या बाजूला धाव घेत. पुढे मेणाचा ओबडधोबड, पण खालून लाल रंगवलेला तुकडा दाखवला, तरी ते हल्ला करीत. यावरून मासा म्हणजे कळ दाबली की चालणारे यंत्र, असे चित्र तयार झाले.

त्याला उलट जाणारा किस्सा टिनबर्गन यांचे मित्र कोनराड लोरेंट्स यांनी नोंदवला. ज्युएल फिश जातीचा नर संध्याकाळी भरकटलेली पिल्ले तोंडात धरून घरट्यात आणून सोडतो. एकदा लोरेंट्स यांनी टाकीत खाण्यासाठी गांडुळाचे तुकडे टाकले. नराने एक तुकडा तोंडात घेतला, तेवढ्यात एक पिल्लू दिसले आणि त्याने तेही तोंडात घेतले. आता एक गोष्ट गिळायची आणि दुसरी जपायची. मासा गाल फुगवून क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकले, पिल्लावर नजर ठेवून गांडूळ खाल्ले, नंतर पिल्लू उचलून घरट्यात नेले. एका माशाच्या एका संध्याकाळवरून सिद्धांत उभा राहत नाही हे खरे, पण यंत्राच्या कल्पनेत हे बसत नाही, हेही तितकेच खरे. फ्रिश, लोरेंट्स आणि टिनबर्गन या तिघांना १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

गोल्डफिशची स्मृती तीन सेकंदांची असते, ही समजूत जगभर रूढ आहे. तिला आधार काहीच नाही, उलट स्मृतीच्या संशोधनासाठी हाच मासा निवडला गेला होता. मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रानॉफ यांनी १९६० च्या दशकात गोल्डफिशना दिवा लागताच अडथळा ओलांडून पलीकडे जायला शिकवले. शिकवलेले त्यांना कित्येक दिवस आठवे. शिकवल्याबरोबर प्रथिननिर्मिती रोखणारे औषध टोचले, तर मात्र ते टिकत नसे आणि तासाभराने टोचले तर टिकत असे. स्मृती पक्की होण्यासाठी प्रथिने लागतात, या निष्कर्षाला मोठे बळ मिळाले ते या माशांमुळे. ऑस्ट्रेलियातील रेनबोफिश तर जाळ्यातल्या भोकातून निसटण्याची वाट ११ महिन्यांनंतरही विसरले नाहीत. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात २०२२ मध्ये गोल्डफिश चाकांवरची टाकी चालवून लक्ष्यापर्यंत नेताना दिसले.

स्वभावाची गोष्ट जरा निराळी. एक मासा धीट, दुसरा बुजरा, हे पाळणारे पूर्वीपासून सांगत आले. शास्त्रज्ञांना तसे लिहायला संकोच वाटे. फेलिसिटी हंटिंगफोर्ड यांनी १९७६ मध्ये स्टिकलबॅकमधला धीटपणा मोजला. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महाराष्ट्रात आरोग्य खाते पाण्यात सोडते तो गप्पी मासाही या कामी आला. ली डुगाटकिन यांनी १९९२ मध्ये धीट, मध्यम आणि बुजरे गप्पी भक्षक माशाबरोबर ठेवले, तेव्हा धीटांपैकी एकही उरला नाही. म्हणजे स्वभावाची किंमत जिवाने मोजावी लागते. त्याहून चकित करणारा प्रयोग २०१७ चा. ॲमेझॉन मॉली जातीत सगळ्या माद्याच असतात आणि आईची जनुके लेकींत जशीच्या तशी उतरतात. अशा सारख्या जनुकांच्या पिल्लांना जन्मल्यापासून एकेकट्या, सारख्याच टाक्यांत वाढवले, तरी प्रत्येकीचे वागणे वेगळे निघाले.

या साऱ्या शोधांचा परिणाम पाळण्याच्या रीतीवर मात्र संथपणे होत आहे. इटलीतील मोंझा शहराने २००४ मध्ये गोल भांड्यात मासे ठेवण्यास मनाई केली. वाकड्या काचेतून माशाला बाहेरचे जग विकृत दिसते, हे त्यामागचे कारण. रोमने पुढच्याच वर्षी तसा नियम केला. मुंबई-पुण्यातल्या दुकानांत ती गोल भांडी आजही सर्रास विकली जातात.