पगारपत्रकातले दोनशे रुपये

गेल्या शनिवारी वराळ्याच्या फ्लॅटवर कागदपत्रं लावत बसलो होतो. सॅलरी स्लिपवर नजर गेली आणि नेहमीची चडफड झाली. 'प्रोफेशन टॅक्स - २०० रु.' फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००. पीएफ निदान परत तरी मिळतो. हा कसला कर? नोकरी करतो म्हणून दंड? इतकी वर्षं भरतोय, पण कधी विचारलंच नव्हतं. मग बसलो शोधायला, आणि पोचलो थेट आजीपर्यंत!

आमची आजी जत तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. बाबा तेव्हा दोन वर्षांचे, बाभळीला बांधलेल्या झोळीत. तिथे मिळणाऱ्या सुकडीची चव आजी अजून सांगते. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती म्हणे.

पण दुष्काळी काम म्हणजे शेवटी सरकारची मर्जी. काढलं तर काढलं, बंद केलं तर बंद. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचं म्हणणं वेगळं होतं: काम मागणाऱ्याला ते हक्काने मिळालं पाहिजे. १९६५ मध्ये त्यांनी सांगली जिल्ह्यातच, तासगाव तालुक्यात, तसा प्रयोग केला होता. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की १५ दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारभत्ता. बाई-पुरुष दोघांना एकच दर. कामावर पाणी, सावली आणि मुलं सांभाळायची सोय. ती बाभळीची झोळी कायद्यात आली म्हणा ना!

आता पैसा कुठून आणायचा? इथे आपली स्लिप येते. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला तो यासाठीच. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि जमलेल्या रकमेइतकीच भर सरकारने घालायची. दुष्काळ शहराच्या वेशीवर थांबत नाही, लोंढे इकडेच येतात, हा त्यातला साधा हिशोब.

सगळं छान झालं असं नाही. मजुरी कमी होती, मस्टरवर खोटी नावं चढायची, आणि कित्येक वर्षं निधी पूर्ण खर्चच झाला नाही. तरी पाझर तलाव, नालाबांध, रस्ते उभे राहिले. १९९० पासून फळबागाही लागल्या. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला, तेव्हा समोर महाराष्ट्राचाच अनुभव होता.

आता गंमत बघा. राज्यघटनेतली या कराची कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २५० वरून २५०० झाली, आणि आजही तिथेच आहे. तेव्हा २५०० म्हणजे चांगल्या नोकरीचा महिन्याचा पगार. आज लोणावळ्याचा एक वीकेंडसुद्धा त्यात होत नाही.

आमच्या बिल्डिंगशेजारी नवं बांधकाम चालू आहे. तिथे राबणारी कुटुंबं गावं सोडून आलेली. राज्याची हमी होती ती खेड्यापुरती. गाव सोडलं की हक्कही मागे राहिला. केरळने २०१० मध्ये शहरी कुटुंबांसाठी रोजगार हमी सुरू केली. मग जिथे ही कल्पना जन्मली त्या महाराष्ट्राने का करू नये? मर्यादा वाढवणं संसदेच्या हातात आहे, मान्य. पण मागणी तर आपल्यासारखे कर भरणारे करू शकतात ना?

माझ्यापुरतं सांगतो. महिन्याला दोनशेचे पाचशे झाले तरी चालतील. फक्त ते कुठे गेले हे कुणीतरी दाखवावं. रविवारी आजीला फोनवर हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, "आमच्या वेळी पैसे कुठनं येतात ते कुणी सांगितलंच नाही रे." आणि आम्हाला कुठे जातात ते!